क्वांटिटी सर्व्हेअर लावावा का? घर साधंच आहे

अमळनेरचा मास्तर
राम राम मंडळी. वडिलांच्या प्लॉटवर आखाजीला (अक्षय तृतीयेला) कुदळ मारायची आहे. तळमजला 1350 फूट, वर फक्त जिना आणि टाकी. ठेकेदार आईचे चुलतभाऊ, म्हणजे मामाच. त्यांनी एका कागदावर ‘सर्व मिळून 1850 रुपये फूट’ एवढंच लिहून दिलंय. शाळेतला सहकारी म्हणतो, क्वांटिटी सर्व्हेअर लाव, म्हणजे काम आणि माल किती लागला ते मोजून हिशेब काढणारा माणूस. ते मोठ्या बिल्डिंगांचं काम ना? फी देऊन माझं काय वाचणार? आणि मामांना वाईट वाटेल ते वेगळंच.

देवपूर, धुळे
दादा, लावा. आणि कुदळ मारायच्या आधी लावा. मी पाया भरल्यावर लावला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

माझे मिस्टर सैन्यात, त्यामुळे बांधकाम मी एकटीनंच पाहिलं. ठरलं होतं पाच फूट खोदकाम. आपली काळी माती तुम्हाला माहीतच आहे, मुरूम लागला आठ फुटांवर. बिलात 18 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) जादा खोदकाम आलं. नंतर सर्व्हेअरनं नकाशावरून हिशेब केला: 14 खड्डे, पाच बाय पाच, तीन फूट जादा, म्हणजे 1050 घनफूट, साडेदहा ब्रास. ठेकेदार म्हणाले, कडा ढासळल्या म्हणून जास्त निघालं. खरंही असेल. पण खड्डे बुजलेले, टेप कुठे लावणार? शेवटी 14 ब्रासवर तोडगा निघाला. जादा खोलीचा दर आधी लिहिलेला असता आणि खड्डे उघडे असताना दोघांनी मिळून मोजले असते, तर वादच झाला नसता.

पुढे मात्र सर्व्हेअर सोबत होता. सळई झाकली जायच्या आत तो प्रत्येक वेळी यायचा. एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे एका मीटरचं किलोतलं वजन, हे त्यानं मला शिकवलं. बारा एमएमची बारा मीटरची सळई साधारण 10.67 किलो. सळईची मजुरी वजनावर होती, म्हणून मी वहीत नग लिहायची आणि रात्री वजन काढायची.

वाळूची ट्रॉली आली. ड्रायव्हर म्हणाला, एक ब्रास. सर्व्हेअर चाकावर पाय देऊन वर चढला, पाच ठिकाणी सळई खुपसून खोली घेतली. सरासरी 1.4 फूट. लांबी 10, रुंदी साडेपाच. 77 घनफूट! ब्रास म्हणजे 100. शिवाय वाळू ओली होती, आणि ओली वाळू फुगते, तेही त्यानंच सांगितलं. त्या दिवसापासून आम्ही मोजल्याशिवाय ट्रॉली रिकामी करू दिली नाही.

आता मामांना वाईट वाटेल त्याचं. माझ्या ठेकेदाराच्या गिलाव्याच्या बिलात दारं-खिडक्या वजाच नव्हत्या. मी म्हणाले, दोन्ही बाजूंनी कापा. सर्व्हेअरनं मलाच थांबवलं. आयएस 1200, म्हणजे बांधकाम मोजायच्या भारतीय मानकाप्रमाणे अर्धा ते तीन चौरस मीटरची उघडी जागा एकाच बाजूनं वजा होते, कारण दाराच्या कडांना गिलावा लागतोच. सात बाय तीनचं दार त्यातच बसतं. म्हणजे तो ठेकेदाराच्या बाजूनंही बोलला. त्यानंतर ठेकेदार स्वतःहून त्याला मोजायला बोलवायचे.

एकूण फी 38 हजार गेली. सळईच्या मजुरीत आणि वाळूतच ती निघाली.

भुसावळ, सिव्हिल
ताईंचं बरोबर. थोडी भर घालतो. एवढ्या घराला मोठी फर्म नको, क्वांटिटी काढणारा अनुभवी सिव्हिल इंजिनिअर पुरे. फक्त ठेकेदारानं सुचवलेला नको. आणि आरसीसी ड्रॉइंग (काँक्रीट आणि सळईचे नकाशे) पूर्ण झाल्याशिवाय त्याला बोलवू नका, त्याशिवाय सळईचा हिशेब निघत नाही. ‘1850 रुपये फूट’ म्हणजे कशाचे फूट, ते आधी विचारा. जिन्याची खोली, पोर्च, छज्जा धरलेत का? टाकी कोणाची? तिथेच भांडणं होतात.

अमळनेरचा मास्तर
पोर्च धरलाय की नाही, मलाच माहीत नाही! ताई, मामांकडे विषय काढायचा कसा?

देवपूर, धुळे
बिल आल्यावर काढू नका, तेव्हा तो संशय वाटतो. आत्ताच आईला सोबत घेऊन जा. म्हणा, ‘मामा, जादा कामाचा दर तुम्हीच सांगा, आपण लिहून ठेवू, मोजायला तुम्हीही उभे राहा.’ माझ्या ठेकेदाराचं अर्धं दुखणं हेच होतं की जादा कामाचे पैसे मालक बुडवतात. मामांनाही ती काळजी असेलच. आणि दादा, ड्रॉइंग आखाजीपर्यंत झालं नाही तर त्या दिवशी नुसती पूजा करून एक कुदळ मारा. जेसीबी आठवडाभर थांबेल.

अमळनेरचा मास्तर
रविवारी आईला घेऊन जातो. वही आजच आणली.