मदत हवी आहे: बोरन्हाणाचे घरगुती फोटो, मुलं १४ महिने आणि ४ वर्षं

संक्रांतीनंतरच्या रविवारी धाकट्याचं बोरन्हाण घरीच करतोय. थोरली ४ वर्षांची. आजी-आजोबा धरून घरची आठ माणसं. दीर फोटो काढणार, त्यांच्याकडे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा (सेन्सर लहान, म्हणून फ्रेममध्ये कमी मावतं) आणि झूम नसलेली ५० एमएमची लेन्स आहे. हॉलला एकच मोठी खिडकी, पश्चिमेला. कार्यक्रम संध्याकाळी साडेसहाला.
काळ्या कपड्यांत मूल नुसता काळा गोळा दिसू नये म्हणून काय करावं? हलव्याचे दागिने कधी घालावेत? आणि चुरमुरे ओततानाचा फोटो हमखास कसा मिळेल?

उजेडवाला
आधी वेळ बदला. जानेवारीत आपल्याकडे सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे साडेसहाच्या कार्यक्रमाला खिडकीचा उपयोग शून्य. चार ते पाच ठेवा. तेव्हा पश्चिमेचं ऊन थेट आत येईल, म्हणून खिडकीला पांढरं धोतर किंवा पातळ चादर लावा. पाट खिडकीपासून तीन-चार फुटांवर, उजेड मुलाच्या एका बाजूने येईल असा. मागची भिंत निदान चार फूट लांब हवी. गडद सोफा मागे असेल तर त्यावर फिकट चादर टाका.

काळ्याचं म्हणाल तर दोष कॅमेऱ्याच्या मीटरचा, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेचा. फ्रेममध्ये काळं जास्त दिसलं की तो सगळंच उजळवतो, मग काळा राखाडी होतो आणि पांढऱ्या हलव्याचे दाणे विरून नुसता पांढरा पट्टा उरतो. एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) कॅमेऱ्यात उणे ०.७ ठेवा. मोबाइलवर चेहऱ्यावर टॅप करून सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. आणि मखमल नकोच: उजेड गिळते, वर प्रत्येक तूस दिसतं. काठाची सुती चंद्रकळा किंवा खण असेल तर घड्या दिसतात, म्हणजे गोळाही होत नाही.

चुरमुऱ्यांसाठी शटरचा वेग १/१००० सेकंद. १/२५० वर त्यांच्या रेघा येतील. ट्यूब आणि एलईडी बंद करा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि एवढ्या वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे उमटतात. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ३२०० पर्यंत गेला तरी चालेल, दाणेदार फोटो हललेल्या फोटोपेक्षा बरा. पंखाही बंद, नाहीतर चुरमुरे भलतीकडे.

आजीचा_बटवा
दागिने सगळ्यात शेवटी. या वयाचं मूल मुकुट दोन-तीन मिनिटांत ओढतं. क्रम असा: झोप आणि खाणं झाल्यावर लगेच सगळ्यांचा फोटो, मग आजी-आजोबांबरोबर, मग औक्षण, मग दागिने, शेवटी बोरन्हाण. त्यानंतर कुठलाही नीटनेटका फोटो मिळत नाही, मूल चिकट झालेलं असतं. सगळं अर्ध्या तासात आटपा.

मुकुटाला दोऱ्याऐवजी मऊ इलॅस्टिक हवं. डोक्याचा घेर मोजून ऑर्डर द्या. मागच्या बाजूने स्टेपलच्या पिना आहेत का बघा, असतील तर सुती कापड शिवून घ्या. दमट हवेत हलवा पाझरतो, म्हणून दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून आयत्या वेळी काढा.

डोक्यावरून फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा पाटाभोवती मांडा. बोर लागतं आणि करव्याच्या कडा धारदार असतात. बोराची बी, शेंगदाणे, गोळ्या, हलव्याचे दाणे घशात अडकू शकतात, म्हणून फ्रेमबाहेर एका माणसाचं काम एकच: दोन्ही मुलांच्या हातांवर लक्ष. थोरलीला वाटी देऊन ओतायला लावा, ती मधे पळणार नाही.

कडेचा_प्रेक्षक
आठ जण एका रांगेत घ्यायला त्या ५० एमएमने जवळजवळ २२ फूट मागे जावं लागेल. एवढा हॉल कुणाचा असतो! दोन रांगा केल्या तरी पंधरा फूट. त्यापेक्षा १८-५५ एमएमची झूम लेन्स २४ एमएमच्या आसपास, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ५.६. ती नसेल तर मोबाइलचा १एक्स, पण ०.५एक्स नको, कडेची माणसं ताणली जातात. ५० एमएम एकट्या बाळासाठी ठेवा.
आणखी एक, बाळाला हाका मारणारा माणूस फोटोग्राफरच्या डोक्यामागे उभा हवा. बाकीच्यांनी सतत कॅमेऱ्याकडेच बघायचं. नाहीतर बाळ वर बघतं तेव्हा सगळी मंडळी खाली बाळाकडे बघत असतात.

धागाकर्ती
वेळ चारची केली. ओतायचं किती उंचीवरून?

उजेडवाला
डोक्यापासून दीड-दोन फूट, एकदम पालथं न करता चार-पाच सेकंद सावकाश. भांडं फ्रेमबाहेर, बर्स्ट मोडवर (एकापाठोपाठ भराभर फोटो) बोट दाबलेलं. दोन किलो चुरमुरे घ्या आणि निम्मे दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवा. पहिल्या खेपेला मूल दचकून डोळे मिटतं.