आईच्या पायातली गुठळी फुप्फुसात गेली, पल्मनरी एम्बोलिझम म्हणजे नक्की काय होतं?

मुक्ता_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. आईचं (वय ६८) खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आली आणि टाके काढायच्या आधीच एका सकाळी बाथरूममधून कॉटपर्यंत येताना तिला एकदम धाप लागली, घामाघूम झाली, बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन ८६. आम्हाला वाटलं अटॅकच आला. दवाखान्यात ईसीजी, इको, मग सीटी काढल्यावर कळलं की पल्मनरी एम्बोलिझम आहे. आता वॉर्डात आणलंय, पोटात इंजेक्शनं चालू आहेत. राउंडला डॉक्टर येतात तेव्हा डोकं सुन्न असतं, काही सुचतच नाही. पायातली गुठळी छातीत कशी काय पोचते? तिथून मेंदूत जाईल का? इंजेक्शनाने ती विरघळते का? आणि एक, तिची डावी पोटरी सुजली होती तेव्हा मावशी रोज तेल लावून चोळून द्यायची, ती आता सारखी रडतेय की माझ्यामुळेच झालं.

मेडिसिनवाला:
मुक्ताताई, आधी मावशींना सांगा की गुठळी त्यांनी केलेली नाही. खुब्याचं फ्रॅक्चर, मोठं ऑपरेशन आणि पडून राहणं, या तिन्हींनी पायाच्या खोल शिरांमध्ये रक्त साकळतं, त्यालाच डीव्हीटी म्हणतात. ती गुठळी मालीश न करताही सुटू शकते, त्यामुळे नेमकी कशाने सुटली हे कुणीच सांगू शकणार नाही. पण इथून पुढे एकच पाय सुजलेला, गरम, दुखरा दिसला तर चोळायचा नाही, सोनोग्राफीवाल्याकडे डॉपलर (शिरेतलं रक्त नीट वाहतंय का बघणारी सोनोग्राफी) करून घ्यायचा.

आता प्रवास. पायाची शीर वर जात जात पोटातल्या मोठ्या शिरेला मिळते, ती हृदयाच्या उजव्या बाजूला उघडते आणि तिथलं सगळं रक्त फुप्फुसाकडेच ढकललं जातं. वाटेत सगळ्या शिरा मोठ्या मोठ्याच होत जातात म्हणून गुठळी कुठे अडकत नाही, फुप्फुसात मात्र नळ्या परत बारीक व्हायला लागतात, गाळणीत गाळ अडकावा तशी ती तिथे अडकते. त्याच्या पुढच्या भागात हवा येते पण रक्त पोचत नाही म्हणून ऑक्सिजन पडतो, आणि बंद नळीवर जोर लावून लावून हृदयाची उजवी बाजू फुगते. आईंचा इको त्याचसाठी केला असणार. अटॅकमध्ये हृदयाला रक्त देणारी नळीच बंद पडते, तो वेगळा प्रकार.

फुप्फुसातली गुठळी मेंदूत सहसा जात नाही, फक्त काहींच्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून छोटं भोक असतं, त्यातून क्वचित पायातली गुठळी थेट डाव्या बाजूला जाते.

आणि हो, पोटातलं इंजेक्शन गुठळी विरघळवत नाही! ते ती वाढू देत नाही, नवीन होऊ देत नाही, विरघळवायचं काम शरीर स्वतःच हळूहळू करतं. विरघळवणारं औषध वेगळं असतं, ते बीपी खूप पडलं तरच देतात कारण ताज्या ऑपरेशनच्या जागी जोरात रक्तस्राव होऊ शकतो.

सुधीर_देशमुख:
माझ्या सासऱ्यांची केस उलटी होती. त्यांचे ठोके अनियमित, एएफ म्हणतात ते, त्यात हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी झाली आणि ती थेट मेंदूत गेली. जेवता जेवता हातातला घास पडला आणि तोंड वाकडं झालं. गुठळी कुठून सुटली त्यावर ती कुठे जाणार हे ठरतं, हे मला तेव्हा समजलं. त्यांना वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते बघतो, पालेभाजीने गोळीचा असर कमी होतो तरी मेथी पालक बंद नाही केलं पण एक दिवस भरपूर आणि आठवडाभर नाही असं करत नाही.

अनघा_फिजिओ:
मुक्ता, आईला झोपवून ठेवू नका गं. औषध सुरू झालं आणि डॉक्टर हो म्हणाले की वॉकर घेऊन उठवा. पडल्या पडल्या पावलं वर-खाली करायला लावा, पोटरीचा स्नायू आवळला की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं. पेशंट भीतीने हलतच नाहीत आणि घरचे 'आराम कर' म्हणत राहतात, याचा मला फार त्रास होतो.

मुक्ता_कोल्हापूर:
खूप खूप आभार सगळ्यांचे, मावशीला वाचून दाखवलं, आज जेवली ती. घरी गेल्यावर गोळ्या किती दिवस?

मेडिसिनवाला:
कमीत कमी ३ महिने, पुढचं तुमचे डॉक्टर ठरवतील. बरं वाटतंय म्हणून मध्येच बंद करू नका. खुबा दुखला तरी मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणू नका, रक्त पातळ असताना त्याने पोटात रक्तस्राव होतो. शी काळी डांबरासारखी झाली किंवा डोक्याला मार लागला तर लगेच दवाखाना. आणि धाप परत लागली, खोकल्यात रक्त आलं किंवा चक्कर येऊन पडल्या तर थेट १०८.