नेरूळ: लॉनमध्ये लव्हाळा माजलाय, औषध मारू का?

पारिजात_नेरूळ
रो-हाउससमोर 12 बाय 15 फुटांची जागा आहे. हिवाळ्यात नर्सरीवाल्याने लाल मातीचा थर टाकून कोरियन गवत लावून दिलं. उन्हाळाभर दृष्ट लागावी असं होतं. पाऊस सुरू झाला आणि लव्हाळा वर आला. आज कापला की परवा पुन्हा गवताच्या वर बोटभर! दांडी चिमटीत फिरवली तर तीन कडा लागतात, म्हणजे लव्हाळाच ना? कुंपणाकडे लाजाळूही पसरलीय. माळीदादा म्हणतात, "औषध मारतो, सगळं साफ." बाटली मात्र दाखवत नाहीत. सासूबाई म्हणतात, हिरवं आहे ना, मग राहू दे.

ऐरोलीकर
ताई, अजिबात नको. बहुधा ग्लायफोसेट हे तणनाशक असणार. त्याला लव्हाळा काय नि लॉन काय, दोन्ही सारखेच. शिवाय केंद्राच्या 2022च्या अधिसूचनेप्रमाणे ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच वापरायचं. बाकी सासूबाईंना माझं अनुमोदन.

ढोकाळीचे_काका
तीन कडा म्हणजे लव्हाळाच. एक झाड खुरप्याने सावकाश उकरून बघा. खाली काळपट गाठ, तिच्यातून दोऱ्यासारखं मूळ, त्याच्या टोकाला दुसरी गाठ, पुढे तिसरी. वरून ओढलं की नुसती दांडी हातात येते आणि शेजारची निजलेली गाठ जागी होते. म्हणून कापून उपयोग नाही. गाठी बहुतेक त्या लाल मातीतूनच आल्या असणार, ते लोक माती कुठून उचलतात देव जाणे.

पावसाने जमीन मऊ आहे तोवर अरुंद खुरप्याने गाठीसकट काढा. दर पंधरा दिवसांनी फेरी मारायची, कारण पात फुटल्यावर तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात. काढलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका, उन्हात कडकडीत वाळवा. एका पावसाळ्यात संपणार नाही, हे आधीच सांगतो.

खरं काम गवत दाट करण्याचं. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. मशीन दीड इंचावर ठेवा, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नका. माळी लोक पार टक्कल करतात, मग उघड्या मातीवर ऊन पडतं आणि तणाचं फावतं. पाणी साचत असेल तर सळईने चार इंच खोल भोकं पाडून धुतलेली रेती भरा. खाडीची नको, मीठ असतं. युरिया पाऊस ओसरल्यावर: चौरस मीटरला 10 ग्रॅम, म्हणजे तुमच्याकडे साधारण पावणेदोनशे ग्रॅम. पात कोरडी असताना फेकायचा आणि लगेच पाणी द्यायचं, नाहीतर डाग पडतात.

पारिजात_नेरूळ
काका, आज एक उकरला. पाच गाठींची माळ निघाली! आंब्याखाली मात्र गवतच विरळ आहे, तिथे काय करू? आणि मध्ये हरळी घुसलीय, ती सासूबाई गणपतीला दूर्वा म्हणून राखतायत.

ढोकाळीचे_काका
आंब्याखाली कोरियन धरत नाही, हट्ट सोडा. स्पायडर प्लांट लावा. हरळी कोरियनमध्ये मिसळली की वेगळी काढता येत नाही, तेव्हा सासूबाईंना एका कुंडीत लावून द्या आणि लॉनमधली आत्ताच काढा. लाजाळू हातमोजे घालून, शेंगा धरायच्या आत.