देयान बोदिरोगा: न पळणाऱ्याला अडवायचं कसं? (जाणकारांचे अनुभव)

चौथा_क्वार्टर (धागालेखक)

बोदिरोगा 2007 मध्ये रोमच्या व्हिर्तुसकडून खेळून निवृत्त झाला. तरी युरोपच्या बास्केटबॉलबद्दल बोलणं निघालं की त्याचं नाव येतंच, आणि पाठोपाठ तोच प्रश्न येतो: याला ना वेग, ना उडी, मग हा अडायचा का नाही? उंची 2.05 मीटर, जन्म 1973 चा, सर्बियातल्या झ्रेन्यानिनजवळच्या क्लेक गावचा. व्हॉलीबॉलचे ग्रबिच बंधूही याच गावचे, म्हणजे पाण्यातच काहीतरी असणार. युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, तीनदा जिंकली (2000, 2002, 2003), विश्वविजेतेपद दोनदा (1998, 2002), युरोपचं विजेतेपद तीनदा (1995, 1997, 2001).

जे शिकवतात, शिट्टी वाजवतात किंवा जुने सामने थांबवून थांबवून बघतात, त्यांनी इथे लिहावं. कौतुक सगळ्यांनाच येतं, कामाचं लिहा.

उलटा_टप्पा

सुरुवात 'लातिगो'पासूनच करू. स्पॅनिश लोकांनी त्याच्या क्रॉसओव्हरला (चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकून दिशा बदलण्याच्या चालीला) दिलेलं हे नाव, म्हणजे चाबूक. मुलं व्हिडिओ बघून हाताची नक्कल करतात आणि तिथेच फसतात, कारण ती चाल हातात नाही, खांद्यात आणि पायात आहे.

क्रम असा. चेंडू उजव्या हातात, चाल जवळजवळ चालण्याची. उजवा पाय पुढे पडतो तेव्हाच उजवा हात चेंडूसकट बाहेर आणि पुढे लांब जातो. डोकं आणि उजवा खांदाही त्याच दिशेला झुकतात. बचावपटूला चेंडू हाताशी आल्यासारखा वाटतो, तो हात घालतो किंवा निदान वजन त्या पायावर टाकतो. तेवढ्यात चेंडू गुडघ्याच्या खालून शरीरासमोरून डावीकडे ओढला जातो आणि डावा पाय बचावपटूच्या पायाला लागून पुढे पडतो. तिथून दोन पावलं आणि लेअप, म्हणजे रिंगजवळ जाऊन अलगद टाकलेला चेंडू.

चुकतं कुठे? एक, मुलं आधीच जोरात पळत येतात, मग हात बाहेर गेल्यावर थांबताच येत नाही. दोन, चेंडू कमरेइतका उंच आणतात, म्हणजे समोरच्याला आयताच मिळतो. तीन, आणि हे सगळ्यात जास्त, नजर चेंडूवर ठेवतात. बोदिरोगा बचावपटूच्या पायांकडे बघायचा. वजन हललंच नाही तर तो चेंडू ओढायचाच नाही, तसाच उजवीकडून जायचा. ती फसवणूक नव्हती, प्रश्न विचारणं होतं.

सरावाला समोर खुर्ची ठेवू नका. खुर्चीचं वजन हलत नाही. जोडीदार उभा करा, त्याने मनाला येईल तेव्हा हात घालावा किंवा घालू नये. प्रत्येकी 8-10 वेळा, चालण्याच्याच गतीने. वेग नंतर.

शिट्टी

पंचाच्या बाजूने थोडी भर. लातिगोची नक्कल करणाऱ्या दहातल्या निम्म्या मुलांचा ड्रिबल (चेंडू टप्पे देत नेणं) तिथेच संपलेला असतो. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमात चेंडू एका हातावर जरी विसावला तरी ड्रिबल संपला. हात बाहेर लांबवताना पंजा चेंडूच्या खाली गेला आणि चेंडू क्षणभर तळव्यात बसला की पुढचा टप्पा हा दुसरा ड्रिबल, म्हणजे नियमभंग. पंजा वरून किंवा फार तर बाजूने हवा. त्याचे पंजे मोठे आणि हात लांब, त्यामुळे बाजूने धरूनही चेंडू वळायचा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. त्याला हात तेवढा लांबवायला सांगूच नका.

दुसरी गोष्ट. जुने सामने बघून पावलं मोजू नका. चालत्या खेळाडूने चेंडू पकडताना जमिनीवर असलेला पाय न मोजण्याची मुभा फिबाने 2017 मध्ये दिली. बोदिरोगाच्या काळात तो पाय मोजला जायचा. म्हणजे आजच्या मुलांना त्याच्यापेक्षा जास्त सवलत आहे, तरी ट्रॅव्हलिंग (चेंडू धरून जास्त पावलं टाकणं) होतंच.

झादार_ते_रोम

हे सगळं आलं कुठून ते प्रवासात दिसतं. क्रोएशियातल्या झादारला त्याला नेलं क्रेशिमिर चोसिचने. चोसिच स्वतः सेंटर (रिंगखाली खेळणारा उंच खेळाडू) असून पास देणारा, त्यामुळे उंच पोराच्या हातात चेंडू देण्याचं त्याला वावडं नव्हतं. युद्ध पेटल्यावर 1992 मध्ये इटलीतल्या त्रिएस्तेला प्रशिक्षक बोग्दान तान्येविचकडे गेला. दोन वर्षांनी स्टेफानेल हा प्रायोजकच मिलानला गेला, पाठोपाठ तान्येविच आणि खेळाडूही. हा संघ कोराच चषकाच्या (युरोपातल्या क्लबांची दुय्यम स्पर्धा) लागोपाठ तीन अंतिम फेऱ्या हरला: 1994 ला पाओककडून, 1995 ला आल्बा बर्लिनकडून, 1996 ला एफेसकडून. त्याच 1996 मध्ये इटलीची लीग आणि चषक मात्र दोन्ही जिंकले.

पुढे दोन वर्षं रेआल माद्रिद, चार वर्षं अथेन्सचा पानाथिनाइकोस, तीन वर्षं बार्सिलोना, शेवटी रोम. माद्रिदला पहिल्या वर्षी आणि अथेन्सला 1999 पासून प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच, बार्सिलोनात स्वेतिस्लाव पेशिच. चोसिच, तान्येविच, ओब्रादोविच, पेशिच, सगळे एकाच, युगोस्लाव्ह शाळेतले. उंच मुलाला रिंगखाली डांबून ठेवायचं नाही, हे यांच्यापैकी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

तिरपी_रेष

ड्रिबलवर सगळे लिहितात, रिंगकडे पाठ करून खेळण्यावर (पोस्ट) कुणी लिहीत नाही. तेव्हा फिबाचा पेंट (रिंगखालचा रंगवलेला भाग) समलंब चौकोनी होता, बेसलाइनला (रिंगमागच्या सीमारेषेला) 6 मीटर रुंद. आयताकृती पेंट 2010 मध्ये आला. आत 3 सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, त्यामुळे बेसलाइनजवळ पोस्ट घ्यायचं तर रिंगपासून बऱ्यापैकी लांब उभं राहावं लागे. भारीभक्कम सेंटरची त्यात अडचण व्हायची, बोदिरोगाची सोय. तो तिथून पाठ लावून एक-दोन टप्पे घ्यायचा, मदतीला दुसरा आला की कोपऱ्यात पास.

त्याच्यासमोर ठेवायचं कुणाला हाच प्रश्न असायचा. बुटका गार्ड ठेवला तर तो पोस्टमध्ये न्यायचा, उंच फॉरवर्ड ठेवला तर बाहेर काढून लातिगो. 2003 च्या बार्सिलोनात चेंडू आणायला यासिकेविचियस, बाजूला नावारो, आत 2.21 मीटरचा दुएन्यास. मदत पाठवायची कुणाला सोडून? अंतिम सामन्यात बेनेत्तोन त्रेविझोला 76-65 हरवलं, त्याचे 20 गुण, आणि बार्सिलोनाची ती पहिलीच युरोलीग. आदल्या वर्षी पानाथिनाइकोसने किंडर बोलोन्याला बोलोन्यातच 89-83 हरवलं होतं. दोन्ही वेळा समोरचा प्रशिक्षक एकच, एत्तोरे मेस्सिना. बिचारा!

शून्य_सेकंद

+1. अवांतर: त्याला 'गोरा मॅजिक' (मॅजिक जॉन्सनवरून) म्हणायचे ते पासांमुळेच.

फिल्म_थांबवा

2002 ची इंडियानापोलिसची विश्वविजेतेपदाची फायनल शिकवण्यासाठी वापरा, पण शेवटची पाच मिनिटंच. अर्जेंटिनाचा संघ तगडा, त्यांचा हुकमी खेळाडू जिनोबिली मात्र घोट्याच्या दुखापतीने जेमतेम खेळत होता. बोदिरोगाचा युगोस्लाव्हिया थोडा वेळ उरला असताना 8 गुणांनी मागे. तिथून बोदिरोगाने चेंडू हातात घेतला आणि 75-75 झालं. शेवटच्या सेकंदांत त्याचा सहकारी दिवाचचे दोन्ही फ्री थ्रो हुकले, पलीकडे अर्जेंटिनाच्या स्कोनोकिनीवरचा फाऊल दिला नाही ही अर्जेंटिनाची तक्रार अजून मिटलेली नाही. जादा वेळेत 84-77. त्याचे 27 गुण.

मुलांना दाखवायचं ते हे: 8 गुणांनी मागे असूनही तो घाईत तीन गुणांची रेष शोधत नाही. रेष 6.25 मीटरवर होती, म्हणजे मोह सोपा. तो रिंगकडे जातो. फाऊल मिळाला तर घड्याळ थांबतं आणि गुण येतात. प्रत्येक वेळी व्हिडिओ चेंडूवर न थांबवता त्याच्या बचावपटूची टाच उचलली जाते तिथे थांबवा.

बाकावरचा

मग एनबीएत का नाही? 1995 च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) सॅक्रामेंटो किंग्जने 51 व्या क्रमांकावर निवडलं होतं. गेला असता तर पुढे दिवाच आणि स्तोयाकोविच यांच्याबरोबर खेळला असता.

तिरपी_रेष

@बाकावरचा, 51 वा म्हणजे तेव्हा बाकावर बसून कोपऱ्यातून शूट करायचं काम. या माणसाचा सगळा खेळ चेंडू हातात असण्यावर. युरोपात त्याला संघ बांधून मिळत होता. 'जमलं नसतं' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, पण त्या भूमिकेत तो वायाच गेला असता.

उलटा_टप्पा

मूळ प्रश्न राहिलाच, अडवायचं कसं. त्यातल्या त्यात चालायचं ते असं: एक हात अंतर ठेवून उभं राहा, हात चेंडूकडे न्यायचाच नाही, छाती त्याच्या कमरेसमोर. त्याला बाहेरून मारू द्या. मारतो, पण निदान फाऊल तरी मिळत नाही आणि तुमचा सेंटर जागेवर राहतो. दोघांनी घेरायचं तर टप्पा चालू असताना नको, पोस्टमध्ये पाठ वळल्यावर आणि बेसलाइनच्या बाजूने. वरून घेरलं तर 2.05 मीटरवरून त्याला पूर्ण कोर्ट दिसतं.