बाबांची बुद्धी तल्लख राहावी म्हणून काय करावं? (सुडोकू चालू आहे)

केतकी_ठाणे:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. बाबा सत्तरीचे, बँकेतून रिटायर्ड, बीपीची गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत. पण हल्ली नावं आठवत नाहीत, "अरे तो आपला, मामाच्या समोर राहायचा तो..." असं चालू असतं आणि आपण काही सांगितलं की दुसऱ्या दिवशी "मला कुणी बोललंच नाही". आई म्हणते वय झालं, सोड. भाऊ पुण्यात बसून फोनवरून सल्ले देतो, त्याने मेंदूच्या व्यायामाचं एक ॲप टाकून दिलंय, वर्षाचे पैसे भरून. बाबा बिचारे तेही करतात आणि पेपरातलं शब्दकोडं तर डायरेक्ट पेनने सोडवतात. फक्त संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर मेंढीकोट खेळायला जायचे ते बंद केलंय, विचारलं तर "कंटाळा येतो". अजून काय करायला लावू त्यांना?

निशाचर:
रोज शब्दकोडं सोडवलं की माणूस शब्दकोड्यात पटाईत होतो, त्याने किराणाची यादी लक्षात राहते असं नाही. ॲपचं पण तेच. अमेरिकेत लुमोसिटी नावाच्या ॲपवाल्यांनी जाहिरातीत असेच दावे केले होते, म्हातारपणीचा विसराळूपणा लांबतो वगैरे, पुरावा मागितल्यावर धड दाखवता आला नाही आणि २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. बाबांना मजा येत असेल तर खेळू देत, पण पुढच्या वर्षी पैसे भरू नका.
नाव ओठावर अडकणं आणि तासाभराने आठवणं हे वयाचं आहे. रोजच्या रस्त्यावर चुकणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत परत विचारणं, आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाचा साधा हिशोब चुकायला लागणं, असलं काही असेल तर मात्र घरगुती उपाय नकोत, सरळ न्यूरॉलॉजिस्ट गाठा.
एक विचारू? घरी टीव्हीचा आवाज किती असतो?

सांगलीकर_आजोबा:
केतकीताई, मी स्वतः ७३ चा म्हणून बोलतो, राग मानू नका. आम्हाला "करायला लावू" नका हो! मी रिटायर झाल्यावर पेटी शिकायला लागलो, बोटं ऐकत नव्हती, मास्तर माझ्या मुलापेक्षा लहान, तो पट्ट्या चुकल्या की सगळ्यांसमोर थांबवायचा. आता भजनी मंडळात साथ करतो. काळी चार सोडून कुणी दुसरीच पट्टी धरली की अजून घाम फुटतो, पण तो घाम फुटतो तिथेच डोकं चालतं असं मला वाटतं. जे आधीच येतंय ते करून काय होणार. आणि मेंढीकोट सुटला हे मला सगळ्यात खटकलं. कुठली दश्शी गेली, हुकूम किती बाहेर आले, भिडू काय सुचवतोय, वर समोरच्याची बडबड ऐकून त्याला टोला हाणायचा, हे सगळं एकाच वेळी! सुडोकूत कोण टोला हाणतं?

गोलकोंडा:
आमच्या हैदराबादमध्ये निम्स हॉस्पिटलच्या डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या टीमचा अभ्यास २०१३ मध्ये आला होता. डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, ६४८ पेशंट तपासले, त्यात दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता आणि शाळेत न गेलेल्यांमध्येही फरक दिसला. यावर वाद आहेत, सगळीकडे असं दिसलेलं नाही. पण इथल्या मराठी घरांतल्या आज्ज्या घरात मराठी, भाजीवाल्याशी तेलुगू आणि रिक्षावाल्याशी दखनी बोलतात आणि तिन्ही भाषांत भांडू शकतात, त्यामुळे माझा विश्वास बसतो :)

केतकी_ठाणे:
@निशाचर टीव्हीचं अगदी बरोबर ओळखलंत!! बातम्या लागल्या की खालच्या मजल्यावर ऐकू जातात, आई स्वयंपाकघराचं दार लावून घेते. आणि आत्ता लक्षात येतंय, कट्टा रस्त्याच्या कडेला आहे, चारचौघं एकदम बोलतात, त्यांना ऐकूच येत नसणार म्हणून "कंटाळा". फोनवर पण दोन वाक्यं बोलून आईकडे देतात. कानाच्या मशीनचा विषय काढला तर म्हणाले मी काय म्हातारा झालोय का.
@आजोबा राग कसला, "लावू" शब्द मागे घेतला.

निशाचर:
वाटलंच. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार, "मला कुणी बोललंच नाही" त्यातलंच असू शकतं. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या तज्ज्ञांच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात कमी ऐकू येणं आहे, एकटेपणा आहे, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, व्यायाम नसणं आहे. मशीन लावलं की डिमेन्शिया टळतोच असं मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत कानाच्या मशीनची मोठी ट्रायल झाली, सगळ्यांचा मिळून विचार केला तर तीन वर्षांत फरक दिसला नाही, पण ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांच्यात बुद्धीची घसरण जवळपास निम्मी झाली.
आधी कान-नाक-घसावाल्यांकडे न्या, कधीकधी नुसता मळ निघतो. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. त्याच फेरीत बी१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, शाकाहारी असाल तर बी१२ नक्कीच. आणि सर्दी-खाज-झोपेच्या कुठल्या गोळ्या स्वतःच घेतात का ते बघा, त्यातल्या जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी म्हातारी माणसं चक्क गोंधळतात.

मनीमाऊ:
मशीनबद्दल अनुभवाचे बोल. सासऱ्यांना आणलं तेव्हा पहिले काही दिवस ताटं, नळ, मिक्सर सगळंच अंगावर यायचं, त्यांनी काढून डबीत ठेवलं आणि पुढे डबीतच राहिलं. मग दुकानात परत जाऊन सेटिंग करून घेतलं, सुरुवातीला घरात शांत वेळी थोडा वेळ, मग वाढवत नेलं. विकत घ्यायच्या आधी ट्रायलला घरी देतात का ते विचाराच. आणि "म्हातारा" वगैरे म्हणाले तर चष्मा काढून पेपर वाचायला द्या.

केतकी_ठाणे:
हाहा, चष्म्याचं सांगितलं, गप्प बसले. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीये. भावाला म्हटलं ॲपचे पैसे परत मिळतात का बघ, तर तो आता मला विचारतोय की बाबांचा स्कोअर त्याच्यापेक्षा जास्त कसा.