क्रॅनबेरी बाहेरून ठणठणीत, आत कापूस: ही बुरशी शिरते कुठून?

पानदेठ
अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या क्रॅनबेरीवरच्या (वेलावर येणारं छोटं, आंबट लाल फळ) ‘कॉटनबॉल’ रोगाबद्दल विचारायचंय. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवं फळ आडवं कापलं की कप्प्यांत पांढरं कवकजाल, म्हणजे बुरशीच्या धाग्यांचं जाळं, दिसतं, पण सालीवर ना डाग, ना छिद्र. मग हा रोग करणारी बुरशी, मोनिलिनिया ऑक्सिकोकी, आत जाते कशी? आणि फळ धरल्यावर फवारणी वाया जाते असं का म्हणतात?

कवकजाल
फुलातून जाते. ही बुरशी एका हंगामात दोनदा लागण करते, दोन वेगळ्या बीजाणूंनी (बुरशी ज्यांतून पसरते ते सूक्ष्म कण).

आदल्या वर्षीची रोगट फळं सुकून, कडक होऊन वेलांखाली पडलेली असतात. त्यांना ममी म्हणतात. हिवाळा त्या तशाच काढतात. वसंतात वेलाच्या कळ्या फुटायच्या सुमारास ममीतून देठ असलेले छोटे तपकिरी पेले वर येतात. त्यांतले बीजाणू हवेत उडतात आणि कोवळ्या शेंड्यांवर बसतात. पुढे, फुलोरा जवळ आला की ते शेंडे माना टाकतात, तपकिरी पडतात आणि त्यांच्यावर पिठासारखा पांढुरका थर येतो. भिंगाखाली हा थर म्हणजे मण्यांच्या माळा दिसतात. हे दुसऱ्या प्रकारचे बीजाणू.

ते उमललेल्या फुलाच्या कुक्षीवर (परागकण झेलणाऱ्या टोकावर) पडतात, परागकणासारखेच तिथे रुजतात आणि कुक्षीवृंतातून, म्हणजे तिच्या दांड्यातून, खाली अंडाशयात उतरतात. साल फोडायची गरजच पडत नाही. ब्लूबेरीवरची याच भावकीतली बुरशी तर करपलेल्या पानावर गोड स्राव सोडून कीटकांना बोलावते, म्हणजे बीजाणू त्यांच्याबरोबर फुलांपर्यंत जातात!

फवारा
फवारणीचं उत्तर यातच आहे. फळ धरलं तेव्हा बुरशी आत पोचलेली असते, आणि कॉटनबॉलच्या फळावर नवे बीजाणू तयार होत नाहीत, त्यामुळे फळावरून फळावर पसरणंही नाही. म्हणून वेळा दोनच: निम्म्या फांद्यांचे शेंडे वाढू लागले की पहिली आणि आठवडा-दहा दिवसांनी दुसरी, मग फुलोऱ्याच्या सुरुवातीला पुन्हा तशीच जोडी. मात्रा बुरशीनाशकाच्या लेबलवरचीच. पहिली जोडी चुकली की फुलोऱ्यातल्या फवारणीवर सगळा भार येतो, आणि फुलं काही एकाच दिवशी उमलत नाहीत. फुलोऱ्यात मधमाश्या कामाला असतात, तेव्हा लेबलवरची त्याबद्दलची सूचनाही पाळायची.

पानदेठ
काढणीच्या वेळी साधी फळकूज आणि हा रोग वेगळा कसा ओळखायचा?

कवकजाल
दाबून बघा. फळकुजीचं फळ बहुधा मऊ, पाणचट होतं. कॉटनबॉलचं घट्ट राहतं, पण बाकीची लाल होत असताना हे पिवळटच राहतं आणि त्यावर तपकिरी पट्टे येतात. मोजणी मात्र काढणीपर्यंत लांबवू नका. वाफ्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली हिरवी फळं कापून टक्केवारी काढली, की पुढच्या वसंतात कुठल्या वाफ्यावर फवारायचं ते ठरतं.

फवारा
आणि ममींचा बंदोबस्त. काढणीनंतर वाफ्यात पाणी भरून तरंगणारा कचरा ओढून काढला की त्याबरोबर काही ममी जातात. हिवाळ्यात बर्फावर वाळूचा थर देतात, बर्फ वितळल्यावर तो खाली बसतो आणि उरलेल्या ममी गाडल्या जातात. थर एकसारखा बसला नाही तर उघड्या जागांतून पेले येतातच.