मदत हवी आहे: शेतातल्या वायफाय लिंकचा खरा वेग कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. रावेरजवळ आमची केळीची बाग आहे. घरापासून विहिरीवरच्या कॅमेऱ्यापर्यंत २.४ गिगाहर्ट्झची लिंक टाकलीय, चॅनल २० मेगाहर्ट्झचा. सिग्नल उणे ६२ डीबीएम (ताकदीचं माप), नॉइज म्हणजे हवेतला नको असलेला गोंगाट उणे ९५. शॅननच्या सूत्राने (चॅनलची रुंदी आणि सिग्नल-नॉइज गुणोत्तर यांवरून वेगाची सैद्धांतिक मर्यादा काढतात ते) कमाल २१९ एमबीपीएस येते. पण शेजारच्या मळ्यातला राउटर त्याच चॅनलवर उणे ७२ ने दिसतो. त्याला नॉइजमध्ये धरलं तर हे सिग्नल-नॉइज गुणोत्तर १० डीबीवर येतं, म्हणजे जेमतेम ६९ एमबीपीएस. पण वायफाय दुसऱ्याचं ऐकून थांबतं ना? मग त्याला नॉइज धरायचं, की हवेतला वेळ दोघांत वाटायचा? इथेच घोडं पेंड खातंय. रात्री मोटारीवर लक्ष ठेवायला कॅमेरा लावला, आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजतं. शिवाय केळीची पानं वाढली की सिग्नल पडतो, त्यासाठी किती डीबी राखून ठेवावेत? कुणी बागेत प्रत्यक्ष मोजलं असेल तर कृपया सांगा.